थोरला एम, धाकटा एम

सोलापुरी चादरीवर मोर कसा उमटतो हे ज्यांनी मागावर पाहिले आहे, त्यांना पुढची हकीकत सहज उमगेल. मागाच्या माथ्यावर जेकार्डचा सांगाडा असतो आणि त्यातून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. फ्रान्सच्या जेकार्डची ही युक्ती 1804 सालची. 1890च्या अमेरिकन शिरगणतीत हर्मन होलेरिथने भोकांच्याच कार्डांवर माणसे मोजली, आणि पुढे संगणकही कितीतरी वर्षे असलीच कार्डे गिळत राहिले.

हे आठवले ते आमच्या शेजारच्या, इंजिनियरिंग शिकणाऱ्या मुलीमुळे. तिने संगणकाच्या पडद्यावर ऑप-अ‍ॅम्पचे सर्किट मांडले होते. ऑप-अ‍ॅम्प म्हणजे क्षीण विद्युत्संकेत मोठा करणारी चिप. डेव्ह फुलगर यांनी 1968 साली घडवलेली 741 ही तिची जगप्रसिद्ध जात. संकेत शंभरपट व्हावा म्हणून मुलीने दहा हजार आणि दहा लाख ओमचे दोन रेझिस्टर जोडले होते. 10 मिलिव्होल्टचा 1 व्होल्ट व्हायचा. पण पडद्यावर नुसती सपाट रेघ!

"काका, ही चिप तर जळूही शकत नाही. मग बिघडली कशी?"

आधी आम्ही वीजपुरवठा पाहिला. सातव्या पायावर अधिक 15, चौथ्यावर उणे 15, ठीक. दोन आगत पायांची अदलाबदलही नव्हती. (तशी झाली, तर खरे सर्किट एका टोकाला अडकून बसते, संगणक मात्र कधीकधी बिनदिक्कत बरोबर उत्तर दाखवतो!) मग मी म्हटले, "चित्र राहू दे, त्यामागची यादी काढ." यादीत दहा लाखांसाठी तिने 1 आणि पुढे रोमन थोरला एम लिहिला होता. शाळेत थोरला एम म्हणजे दहा लाख, धाकटा म्हणजे हजारावा भाग. या यादीत मात्र दोघेही हजारावा भागच! शंभर कोटी पटींची चूक. तिथे 'एमईजी' लिहिताच लाट उसळली.

हा घोळ बर्कलेचा. तिथे लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली 'स्पाइस' रचला आणि 1973 साली तो जगापुढे आला. (नाव मसाल्याचे, पण शेंगाचटणीच्या गावाला त्याचे काय कौतुक!) तो फोरट्रान भाषेत होता, कार्डांवर छिद्रला जाई, आणि त्या कार्डांवर अक्षरे थोरलीच उमटत. देवनागरीसारखीच गत, थोरले-धाकटे भेद कुठून आणायचे? एम हजाराव्या भागाला गेला, दहा लाखांच्या वाट्याला तीन अक्षरे आली.

पेडरसन यांनी हा कार्यक्रम कुलूपबंद ठेवला नाही. मागेल त्याला दिला. म्हणून त्याची एनजीस्पाइससारखी नातवंडे आज सोलापुरातल्या घरातही फुकट चालतात, आजोबांच्या एमसकट. भोकांची कार्डे केव्हाच रद्दीत गेली. तरी चिपचे गुणधर्म सांगणाऱ्या ओळीला हे लोक अजून 'मॉडेल कार्ड'च म्हणतात.