किफायतशीर स्पोर्टी मोटार

नेहमीच्या मोटारीच्या सांगाड्यावर जोरकस इंजिन, कडक सस्पेन्शन व प्रभावी ब्रेक बसवून मध्यमवर्गाला परवडेल अशा किमतीत विकली जाणारी वेगवान मोटार.

अमेरिकेत या प्रकाराला १९६४ च्या फोर्ड मस्टँगने लोकप्रिय केले. स्वस्त पेट्रोल आणि रुंद, सरळ रस्ते यांमुळे तेथे लांब बॉनेट, मागच्या चाकांना गती व ऐच्छिक व्ही-८ इंजिन ही घडण रुजली. युरोपात इंधन महाग, गल्ल्या अरुंद आणि अनेक देशांत इंजिनाच्या आकारमानानुसार कर. म्हणून १९७६ ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय १.६ लिटर इंजिन व ११० अश्वशक्तीची आटोपशीर हॅचबॅक होती.

भारताने युरोपीय वाट धरली. २००६ पासून ४ मीटरपर्यंत लांबी व १,२०० घ.सेंमी.पर्यंत पेट्रोल इंजिन असलेल्या मोटारींना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली. महाराष्ट्रातील चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (२०१३) १,१९७ घ.सेंमी. इंजिनातून १०५ अश्वशक्ती देत या चौकटीत चपखल बसली. पुणे-अहिल्यानगर मार्गावरील रांजणगावच्या कारखान्यातील अबार्थ पुंटो (२०१५) लांबीला ३,९८९ मिमी. भरली, विंचवाचे बोधचिन्ह मिरवत १४५ अश्वशक्तीपर्यंत गेली. मात्र तिचे इंजिन १,३६८ घ.सेंमी.चे असल्याने ती सवलतीस मुकली.