सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचा इतिहास

नेरूळहून उरणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात की बामणडोंगरी आणि खारकोपर ही स्टेशने लागतात. उलव्याच्या टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेला माणूस रोज तिथे चढतो-उतरतो. 'खारकोपर' या नावातला 'खार' म्हणजे काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याचा दोष नाही. जिथे खार होती तिथे आता सिमेंटचे रस्ते आणि सेक्टरचे नंबर आहेत. पण आपण चळवळीतली माणसे आहोत. आपल्याला हा प्रश्न पडलाच पाहिजे.

खार म्हणजे खाडीकडून मिळवलेली जमीन. भरतीचे पाणी अडवायला बाहेरून मातीचा मोठा बांध घालायचा, पाणी सोडायला उघाडी ठेवायची, पावसाच्या पाण्याने माती धुऊन धुऊन तिच्यातला खारटपणा कमी करायचा आणि मग तिथे भात लावायचा. बांधाला एकदा खांड पडली आणि समुद्राचे पाणी शेतात शिरले की पुढची काही वर्षे पीक गेलेच म्हणून समजा. त्यामुळे खांड बुजवायला सगळे गाव धावायचे. जिथे भात होत नव्हता तिथे मिठागरे होती. खाडीत जिताडा, चिंबोऱ्या, निवट्या होत्या. पनवेल-उरण पट्ट्यातला आगरी, कोळी, कातकरी आणि गावाच्या कडेला राहणारा आपला माणूस या खारीवर जगला.

म्हणजे ही जमीन निसर्गाने आयती दिलेली नव्हती. ती माणसांनी हातांनी घडवली होती. मग ती कोणाची? माझ्या मते उलव्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे.

काही वर्षांपूर्वी या भागात काम करताना एका बौद्धवाडीतल्या आजीशी बोलणे झाले. तिने उभी हयात दुसऱ्यांच्या शेतात लावणी केली, कापणी केली, मिठागरावर डोक्याने मीठ वाहिले. मी तिला विचारले, "आजी, तुमची जमीन गेली तेव्हा काय मिळालं?" ती हसली आणि म्हणाली, "आमची कुठं होती जमीन? आमी नुसतं राबलो."

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना जमीन-संबंधांवर बरीच पुस्तके वाचली होती. पण या एका वाक्यात जे होते ते मला तोपर्यंत कळले नव्हते. राबणे ही तिच्या दृष्टीने नातं सांगण्यासारखी गोष्टच नव्हती, कारण कागदाने तिला तसे शिकवले होते.

कागद कोणी लिहिला?

सातबारा आकाशातून पडलेला नाही. तो इंग्रजांच्या महसूल व्यवस्थेतून आला आणि त्याआधीची जात त्याच्यात उतरली. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडमध्ये, जमीन कसणारा वेगळा आणि तिचा मालक वेगळा अशी स्थिती होती. वर खोत आणि सावकार, खाली कुळे, आणि कुळांच्याही खाली ज्यांना कुळ म्हणूनही कोणी मोजत नव्हते असे आपले लोक. वतनदार महार म्हणून गावाची वेठ करायची आणि त्या बदल्यात जमिनीचा एखादा तुकडा व बलुते, हाच आपला जमिनीशी 'कायदेशीर' संबंध. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाचे बिल मांडले ते याच गुलामीच्या विरोधात. ही वतने संपायला 1 ऑगस्ट 1959 उजाडावा लागला.

आपल्या तरुणांना महाड माहीत असते, चरी फारशी माहीत नसते. दोन्ही गावे याच जिल्ह्यातली आहेत. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी 1933 मध्ये संप केला. सावकारांची जमीन कसायचीच नाही, असे ठरवले. तो संप सुमारे सहा वर्षे चालला. नेतृत्व नारायण नागू पाटील यांचे होते. संपकरी बहुतांश आगरी-कुणबी. डिसेंबर 1934 मध्ये बाबासाहेब स्वतः चरीला गेले आणि शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला.

ज्यांना बाबासाहेब फक्त 'दलितांचे नेते' वाटतात त्यांनी ही तीन वर्षे नीट वाचावीत. खोतीविरोधी लढा हा आगऱ्यांचा, कुणब्यांचा आणि महारांचा एकत्र लढा होता. काँग्रेस मंत्रिमंडळाने ते बिल पुढे जाऊ दिले नाही. खोती कायद्याने गेली ती 1949 नंतर.

मग कूळकायदा आला. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसत असलेले कूळ मालक मानले जाणार होते. कायदा चांगला होता, पण त्याचा फायदा ज्याचे नाव कूळ म्हणून नोंदलेले त्याला. तोंडी बोलीवर कसणारा, मजुरीवर राबणारा, मिठागरावर मीठ वाहणारा, खाडीत जाळे टाकणारा यांपैकी कोणासाठीही तलाठ्याच्या दप्तरात रकाना नव्हता.

सिडको आली

फेब्रुवारी 1970 मध्ये नव्या मुंबईसाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली आणि 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावे या प्रकल्पात आली. संपादन झाले ते 1894 च्या इंग्रजी कायद्याने. त्या कायद्यापुढे माणूस असा नव्हताच, फक्त खातेदार होता.

खातेदारांनाही सुखासुखी काही मिळाले नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी लढा दिला. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. पुढे देशभर भूसंपादनाच्या चर्चेत या लढ्याचे दाखले दिले गेले. या हुतात्म्यांपुढे आपण मान झुकवलीच पाहिजे. हा लढा आपल्याही माणसांचा होता.

पण खरे बोलायचे तर साडेबारा टक्के कशाचे? संपादित जमिनीचे. ज्याच्या नावावर शून्य गुंठे, त्याला शून्याचे साडेबारा टक्के. आजीचे गणित इथे संपते.

घराघरांतही हेच झाले. भूखंड वाटपाच्या वेळी बहिणींची आठवण झाली ती हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरती. स्त्रीला वारसाहक्क मिळावा म्हणून हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचा फोटो आपल्याही घरात असतो. म्हणून हे फक्त इतरांना सुनावून चालणार नाही.

मग विमानतळ आला. 1160 हेक्टरच्या या प्रकल्पासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवलीवाडा, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशा दहा वस्त्या उठल्या. या वेळी मोबदल्याचे पॅकेज 2014 मध्ये ठरले. जमिनीसाठी साडेबावीस टक्के विकसित भूखंड आणि घरासाठीही वेगळा भूखंड. म्हणजे शेत नसलेला पण घर असलेला माणूसही हिशोबात आला. हे छोटे पाऊल नाही. जमीन नसलेल्या माणसालाही मोजता येते, फक्त मोजायची इच्छा लागते, हे सरकारनेच सिद्ध केले.

25 डिसेंबर 2025 ला या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. 25 डिसेंबर 1927 ला याच जिल्ह्यात महाडला मनुस्मृती जाळली होती. एका तारखेला माणसाला हक्क नाकारणारा ग्रंथ जळाला. दुसऱ्या तारखेपर्यंत हक्क नाकारण्याचे काम एका साध्या उताऱ्याने करून टाकले होते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा : "ज्याची जमीनच नाही त्याला मोबदला कशाचा?" मोबदला उपजीविकेचा. खार बुजली तेव्हा मालकाची जमीन गेली, पण त्याला पैसे आणि भूखंड मिळाले. मजुराची लावणी गेली, मिठागराचा रोज गेला, खाडीतली चिंबोरी गेली, सरपण गेले, आणि हातात काहीच आले नाही. 25 सप्टेंबर 1930 ला उरणजवळच्या चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होते. ज्या जंगलासाठी ते मेले त्याचा सातबारा त्यांच्या नावावर होता का? जमिनीशी नाते कागदाशिवायही असते आणि माणूस त्यासाठी जीवही देतो.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा असतो : "बाबासाहेबांनी तर खेडे सोडायला सांगितले. मग गाव गेले तर रडायचे कशाला?" गावासाठी मी रडत नाही. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे सुनावले ते मला मान्य आहे. ज्या गावात आपली विहीर वेगळी, वाडी वेगळी, त्या गावाची आठवण काढून गहिवरायचे काही कारण नाही. पण त्याच बाबासाहेबांनी 1947 च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांना जातपात न पाहता सामूहिक शेतीसाठी द्यावी, अशी मांडणी केली. कोणी जमीनदार नको, कोणी कूळ नको, कोणी भूमिहीन नको, हा तिचा गाभा. गाव सोडा याचा अर्थ रिकाम्या हाताने हाकलले जा, असा होत नाही.

दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. दुसऱ्या वेळी देशभरातून लाखो लोक तुरुंगात गेले. आपल्या चळवळीत जमिनीचा प्रश्न होता आणि तो मध्यभागी होता. नंतर आपणच तो सोडला. पुतळे, जयंत्या आणि आरक्षणाच्या बातम्यांत आपण इतके गुंतलो की आपल्या शेजारी एक अख्खी खार भरली गेली आणि आपण फक्त फ्लॅटचे भाव विचारले.

आता काय करायचे?

हा प्रश्न संपलेला नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत शेतमजूर, कुळे, वाटेकरी, कारागीर आणि मासेमारीवर जगणारे यांनाही घेतले. संपादनापूर्वी तीन वर्षे उपजीविका तिथे असली तर त्यांची दखल घ्यावी लागते. राबणाऱ्याला कायद्याने ओळखले.

आणि नेमक्या त्याच सुमारास पद्धत बदलली. विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात संपादनाऐवजी नगररचना योजना आल्या. मालकाने साठ टक्के जमीन द्यायची, चाळीस टक्के विकसित भूखंड परत घ्यायचा. संपादनच नाही म्हटल्यावर बाधित कुटुंबाची ती व्याख्या लागू करणार कशी? मालक निदान चाळीस टक्क्यांवर भांडू शकतो. मजूर भांडणार कशावर? 2024 मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली आणखी 124 गावे नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. त्या गावांतही बौद्धवाड्या आणि कातकरवाड्या आहेत.

म्हणून माझे तरुण मित्रमैत्रिणींना सांगणे आहे. आपापल्या गावचे जुने फेरफार काढा. 'वर्ग 6 ब' अशी वतन जमिनीची नोंद होती का, 1959 नंतर ती परत कोणाच्या नावावर झाली, भोगवटादार वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकली गेली का, ते तपासा. वाडीतल्या प्रत्येक घराची नोंद आहे का ते पाहा. वारसनोंदीत आई-बहिणीचे नाव आहे का ते आधी स्वतःच्या घरात पाहा. आणि जी माणसे कुठल्याच कागदावर नाहीत त्यांच्या कामाची नोंद आपण करा : कोणाच्या शेतात, किती वर्षे, कोणते काम. गाव उठण्याच्या आधी करा, कारण उठल्यावर साक्षीदारही विखुरतात.

भूमिपुत्रांच्या मोर्चात जरूर जा. तिथे भूमिहीनाचा प्रश्न घेऊन जा. चरीला बाबासाहेब गेले ते कुळांच्या लढ्यात सामील व्हायला आणि त्याच वेळी त्या लढ्याची कक्षा वाढवायला.

आजी मला म्हणाली होती की आम्ही नुसतं राबलो. तिला मी तेव्हा काही उत्तर दिले नाही. आज देतो : आजी, खारीची माती तुमच्यासारख्यांच्या हातांनी गोडी झाली. बांध तुमच्या घामाचा होता. जमीन तुमचीही होती, फक्त कागद तुमच्या हातात येऊ दिला नाही.

जय भीम.