राहणार रेंथम

सुताराच्या हत्यारांत रंध्याचे स्थान काहीसे वेगळे आहे. वाकस, करवत, पटाशी ही हत्यारे लोहाराकडून येत. सुताराने त्यांना मूठ वा दांडा बसविला की काम भागे. रंध्याचे पातेही लोहाराचेच, परंतु त्याचे शरीर लाकडाचे, आणि ते सुतारालाच घडवावे लागे. ‘रंधा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. इराणात आजही सुताराचा रंधा आणि स्वयंपाकघरातील किसणी या दोहोंना एकच शब्द चालतो. हत्यार मात्र त्या शब्दाच्या प्रवासाहून पुष्कळ जुने. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीत रोमन सुतारांचे रंधे सापडले आहेत.

वरवर पाहता रंधा म्हणजे एक ठोकळा, एक पाते आणि एक पाचर. घडविण्याचे काम मात्र तितके सोपे नाही. ठोकळ्याचे लाकूड चांगले मुरलेले हवे, नाही तर ते हवेप्रमाणे पिळवटते. झाडाच्या सालीकडची बाजू तळाला यावी, असा जुना दंडक आहे. पात्यासाठी ठोकळ्यात तिरपे घर कोरायचे. साध्या सपाट रंध्यात त्याचा कोन सुमारे ४५ अंशांचा असतो. घराची बैठक किंचित जरी उंचसखल राहिली तरी पाते थरथरते आणि फळीवर लाटा उमटतात. तळाचे तोंड अरुंद असेल तर कीस पातळ व सलग निघतो. ते रुंद झाले तर लाकडाचे तंतू उचकटतात. पाचर दोन्ही बाजूंनी सारखी आवळली गेली पाहिजे.

दारांच्या चौकटींवर आणि छताखालच्या पट्ट्यांवर कंगोरे काढण्याचे रंधे याहून अवघड. अशा रंध्याचा तळ सपाट नसतो. जो कंगोरा उमटवायचा त्याचा उलटा आकार तळालाच दिलेला असतो. म्हणजे हा रंधा हत्यारही असतो आणि फर्माही. एकाच आकाराचे अनेक रंधे करायचे तर त्यांचे तळ घडविण्यासाठी कारागीर आधी एक ‘आईरंधा’ करून ठेवीत. त्याचा तळ कंगोऱ्यासारखाच असे आणि त्यातून निघणारे तळ उलट्या आकाराचे. मग प्रत्येक पाते कानशीने घासून तळाशी तंतोतंत जुळवायचे. आईरंध्यापासून रंधा आणि रंध्यापासून कंगोरा अशी आकाराची वंशावळ चालते. तीत आकार पुढे जातो, करणाऱ्याचे नाव मागे राहते. लंडनमधील रंधेकारांनी १७०० च्या सुमारास रंध्याच्या पुढच्या टोकावर आपल्या नावाचा ठसा मारण्यास आरंभ केला आणि ही अनामिकता काहीशी ओसरली.

तीच पद्धत पुढे अमेरिकेत गेली. मॅसॅच्युसेट्स प्रांतातील रेंथम या गावी फ्रान्सिस निकल्सन (१६८३–१७५३) पिवळ्या बर्चचे रंधे करीत असे. अमेरिकेतील ज्ञात रंधेकारांत तो अगदी आरंभीचा गणला जातो. त्याच्या कर्मशाळेत त्याचा मुलगा जॉन होता आणि सीझर चेलर नावाचा एक आफ्रिकी वंशाचा माणूस होता. जॉन वारस होता; सीझर गुलाम होता. एकाच छपराखाली दोघांनी तेच कौशल्य आत्मसात केले.

१७५३ साली निकल्सन वारला. त्याच्या मृत्युपत्रात चेलरला मुक्त करण्याची तरतूद होती. बिछाना, पेटी, कामाचा बाक, हत्यारे आणि काही जमीनही त्याला देण्यात आली. तरतूद उदार वाटते, आणि त्या काळाच्या मानाने ती होतीही. पण तिची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. ज्या बाकावर आणि हत्यारांनी चेलर राबला, ती त्याला मिळाली धन्याच्या मृत्यूनंतर, धन्याच्या मर्जीने. त्याआधीच्या श्रमांचा हिशेब कोणत्याच कलमात नाही.

त्यानंतर चेलर रेंथममध्येच राहिला आणि स्वतःच्या नावाने रंधे करू लागला. त्याच्या ठशात नावाखाली इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांचे मराठी सहज होते : ‘राहणार रेंथम’. ही शब्दयोजना त्याची स्वतःची नव्हे; निकल्सनच्या ठशांतही ती आढळते. धन्याच्या नावाखाली ती केवळ व्यापारी पत्ता होती. चेलरच्या नावाखाली तिचा अर्थ बदलतो. मालमत्तेच्या यादीतील वस्तू कोठे ‘असते’. कोठे ‘राहतो’ तो माणूस.

आपल्या वाचकांना हा शब्द अधिक जवळचा वाटावा. ज्या शतकात चेलर आपला ठसा मारीत होता, त्याच शतकात होळकर, शिंदे आणि गायकवाड यांच्यामागोमाग अनेक मराठी घराणी माळव्यात व गुजरातेत स्थिरावली. जुन्या दस्तांतून ‘राहणार’ अमुक, ‘हल्ली वस्ती’ तमुक असे लिहिलेले आपण पाहतो. आपले पूर्वज बहुधा स्वेच्छेने वा चाकरीनिमित्त आले. चेलरला ती निवड नव्हती. ही तुलना म्हणूनच फार ताणू नये. परंतु परमुलखात आपल्या नावापुढे गावाचे नाव लिहिता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे कळायला ती पुरेशी आहे.

चेलरची मुक्ती ही एका माणसाची होती. प्रांतातील गुलामगिरी त्यानंतरही तीस वर्षे कायदेशीर राहिली; १७८० च्या राज्यघटनेच्या आधारे झालेल्या न्यायनिवाड्यांनी १७८३ पर्यंत तिचा पाया काढून घेतला. १७८४ साली चेलर वारला.

एकोणिसाव्या शतकात कंगोरे यंत्रावर निघू लागले. लेनर्ड बेली याच्या लोखंडी रंध्यांचे हक्क स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये घेतले आणि लाकडी रंधा हळूहळू अडगळीत गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स क्रेनोव्हसारख्या कारागिरांनी तो पुन्हा हातात घेतला, आणि मग जुन्या रंध्यांच्या टोकांवरील ठसेही लोक बारकाईने वाचू लागले. चेलरचे रंधे आज व्हर्जिनियातील कलोनियल विल्यम्सबर्गच्या संग्रहात व इतरत्र जपलेले आहेत. त्यांनी उमटविलेले कंगोरे कोणत्या घरांत होते, हे आता त्या घरांनाही सांगता येणार नाही. रंध्याच्या टोकावरचे नाव आणि गाव मात्र अजून वाचता येते.