मेदोरोगाच्या दोन वाटा : औषध आणि शस्त्र



स्थूलपणा हा आपल्याकडे बहुधा थट्टेचा, फार तर सुखवस्तुपणाचा विषय समजला गेला. वैद्यांनीं मात्र त्यास प्राचीन काळापासून व्याधि मानलें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत व्यायामाचा अभाव, दिवसा झोप आणि गोड-स्निग्ध आहार हीं त्याचीं कारणें सांगितलीं असून, पोट भरील पण पुष्टि देणार नाहीं असें अन्न, त्रिफळा, मध व श्रम हे उपाय दिले आहेत. अतिस्थूलापेक्षां अतिकृश बरा, असा त्या ग्रंथाचा अभिप्राय आहे. कारण स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण.

१८५३ सालीं आगगाडी ठाण्यास आली व पुढल्या वर्षीं कल्याणास पोहोंचली. नोकरी दूर गेली, बैठें काम वाढलें, आणि चरकांनीं सांगितलेलीं कारणें मध्यमवर्गीय घरांत सहज शिरलीं.

विसाव्या शतकांत औषधांच्या वाटेनें घाई फार झाली. १९३३ च्या सुमारास अमेरिकेंत डायनायट्रोफेनॉल पुढें आलें. वजन उतरे; पण कित्येकांस मोतीबिंदु झाला, कांहीं प्राणांस मुकले, आणि १९३८ सालीं तें बंद पडलें. फेनफ्लुरामीन १९९७ सालीं हृदयाच्या झडपा बिघडवितें म्हणून मागें घेतलें गेलें. सिब्युट्रामीनवर २०११ सालीं भारतांतही बंदी आली.

शस्त्रवैद्यांचा मार्गही निष्कंटक नव्हता. १९५४ सालीं मिनेसोटांत लहान आंतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाची वाट आंखूड करण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन घटलें, पण यकृत बिघडे, मूतखडे होत. ती क्रिया पुढें सोडून द्यावी लागली. १९६६ सालीं आयोवांतील डॉ. मेसन यांनीं जठर लहान करून तें आंतड्यास जोडण्याची क्रिया केली. आजची ‘बायपास’ हिचीच वंशज होय.

आणि येथेंच दोन्ही वाटा अनपेक्षितपणें एकमेकींस भेटल्या. या क्रियेनंतर पुष्कळ मधुमेह्यांची साखर वजन उतरण्यापूर्वींच, थोड्या दिवसांत खालीं येई. म्हणजे जठर लहान झालें एवढेंच नव्हे. आंतडें भूक व साखर यांवर हुकमत चालविणारे रस रक्तांत सोडतें आणि शस्त्रक्रियेनें त्यांचें प्रमाण बदलतें. सेमाग्लुटाइड व टिर्झेपेटाइड हीं आठवड्यास एकदां टोंचावयाचीं नवीं औषधें त्याच रसांचें अनुकरण करतात. वजन घटविण्यासाठीं तीं भारतांत २०२५ पासून मिळूं लागलीं.

आतां तुलना करूं. सेमाग्लुटाइडनें अडुसष्ट आठवड्यांत सरासरी १५ टक्के, टिर्झेपेटाइडच्या मोठ्या मात्रेनें बहात्तर आठवड्यांत सुमारें २० टक्के वजन घटलें. स्वीडनमधील दीर्घ अभ्यासांत बायपासनंतर दहा वर्षांनींही सुमारें २५ टक्के घट टिकली होती. औषध थांबवितां येतें. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरांत उतरलेल्या वजनापैकीं दोन-तृतीयांश परत आल्याचें दिसलें. शस्त्रक्रियेचा परिणाम टिकाऊ, परंतु जठर सहसा पूर्ववत् होत नाहीं, आणि जीवनसत्त्वें व रक्ततपासणी जन्मभर चुकवितां येत नाहीं.

कोणास काय योग्य, हें नुसत्या कांट्यावर ठरत नाहीं. पुण्याचे डॉ. याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा उंचीच्या मानानें वजनाचा अंक २२.३ असा एकच होता. परंतु चरबी पहिल्यांत २१.२ व दुसऱ्यांत ९.१ टक्के, हें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनीं २००९ सालीं शस्त्रक्रियेचा विचार ३७.५ या अंकापासून, व मधुमेहासारखी व्याधि सोबत असल्यास ३२.५ पासून करावा असें सुचविलें. पाश्चात्त्यांची मर्यादा तेव्हां ४० व ३५ होती.

तेव्हां घरांत हा प्रश्न उभा राहिला, तर शेजाऱ्याचें किती किलो उतरलें हें विचारूं नये. वर्षानुवर्षें टोंचण्याचा खर्च झेपेल काय, कीं शस्त्रक्रियेनंतरचा नेम जन्मभर पाळवेल, हें रोग्यानें वैद्यासमोर बसून, घरच्यांस सोबत घेऊन ठरवावें. आहार व चालणें तर दोन्ही वाटांवर आहेच.