अठरा वर्षांनंतरची स्वमग्नता : पारोळ्यातील कुटुंबांनी मदत कुठे मागावी?

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, बालपणासोबत संपत नाही. मदतीची चर्चा मात्र लहान मुलांपाशीच थांबते. पारोळ्यासारख्या तालुक्यात तिशीतला स्वमग्न माणूस ‘मंद’ ठरवून घरात बसवला जातो आणि ‘आमच्यामागे याचे कोण?’ ही चिंता आईवडिलांना पोखरते. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतील जन्मजात भिन्नता आहे. पूर्वजन्मीचे पाप नव्हे. अशा कुटुंबांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

दाखला : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेची स्वतंत्र नोंद आहे. प्रौढ वयातही दाखला मिळतो. अर्ज यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर करावा. आपल्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावला, किंवा जिथे उपचार सुरू आहेत त्या अधिकृत शासकीय रुग्णालयात तपासणी होऊ शकते. दाखल्यावर ‘स्वमग्नता’ हा शब्द आहे ना, हे पाहून घ्यावे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास शासकीय नोकरीतील दिव्यांग आरक्षणाचा दावा करता येतो.

पालकत्व : अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकारी पातळीवरील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. पण प्रत्येकाला पालक लागतोच असे नाही. जो स्वतःचे निर्णय घेऊ शकतो, त्याला आधी विचारावे.

पैसा आणि उपचार : राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी. नगरपरिषद व ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्याचा हिशेब मागणे हे कार्यकर्त्यांचे काम.

कायदा आणि आधार : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार दिव्यांगांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. सांभाळ करून थकलेल्या आई-बहिणींनी मन मोकळे करण्यासाठी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलावे.

विहारातील तरुणांनी आपल्या वस्तीतील अशी घरे शोधावीत आणि अर्ज भरण्यापासून तपासणीपर्यंत सोबत जावे. रविवारच्या वंदनेला त्या माणसालाही बोलवावे. लाऊडस्पीकरचा आवाज सोसत नसेल तर तो कमी करावा. बाबासाहेबांनी सांगितलेली बंधुता इथूनच सुरू होते. जय भीम!