लैला-मजनू, पण सारस!

जहांगीर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? सिनेमातला सलीम, अनारकली, बरोबर? आज मी त्याच जहांगीरची एक लव्हस्टोरी सांगणार आहे. फक्त यातले हिरो-हिरोईन पक्षी आहेत.

साल १६१८. बादशहाचा मुक्काम गुजरातेत. त्याच्याकडे सारसांची एक जोडी होती. महिनाभराची पिल्लं असताना आणलेली, पाच वर्षं सांभाळलेली. नावं? लैला आणि मजनू! त्यांचं मीलन होताना दिसलं, अशी खबर एका खोजाने दिली. बादशहा म्हणाला, पुन्हा दिसलं तर मला कळवा. आणि पहाटे उठून स्वतः बघायला गेला. हे सगळं त्याने आपल्या आठवणींत, म्हणजे 'जहांगीरनाम्या'त लिहून ठेवलंय.

मादीने दोन अंडी घातली. रात्रभर ती एकटी अंड्यांवर बसायची आणि नर शेजारी उभा राहून पहारा द्यायचा. एकदा मुंगसासारखा एक प्राणी तिकडे आला, तर हा पठ्ठ्या तो बिळात घुसेपर्यंत त्याच्या मागे धावला! सकाळी ऊन आलं की नर चोचीने मादीची पाठ टोचायचा. ती उठायची, हा बसायचा. थोड्या वेळाने ती परत येऊन याला उठवायची. चक्क शिफ्ट ड्युटी! ३४ दिवसांनी पिल्लू बाहेर आलं.

आता खरी गंमत ऐका. नर त्या पिल्लाला चोचीत उलटं धरून फिरायचा. हा पिल्लाला मारणार की काय, असं बादशहाला वाटलं. त्याने नराला वेगळं ठेवायला लावलं. पण मग मनात आलं, एकदा पारखून तर बघू. नराला परत पिल्लांजवळ सोडलं. तर त्याची माया आईपेक्षा जराही कमी नव्हती! बादशहाने लिहिलं, तो जे करत होता ते प्रेमापोटीच.

मला इथे थांबावंसं वाटतं. कारण याच बादशहाने, बंड केलं म्हणून, स्वतःच्या मुलाचे, खुसरोचे, डोळे फोडायला लावले होते. एका पक्ष्यातला बाप समजून घ्यायला मात्र त्याने वेळ काढला. इतिहासातली माणसं अशीच असतात, एका खणात मावत नाहीत.

एक जोडीदार गेला की दुसरा झुरून मरतो, अशी सारसाची ख्याती. तशी एक ऐकीव हकिकत जहांगीरनेही नोंदवली आहे. आजचे अभ्यासक सांगतात, जोडी बहुतेक वेळा वर्षानुवर्षं टिकते, पण नवा जोडीदार करणारे सारसही असतात. काही ठिकाणी तर तिघं मिळून पिल्लं वाढवताना दिसलेत. म्हणून प्रेम खोटं ठरतं का? मला नाही वाटत. मरण्यापेक्षा रोज पाळीने अंड्यांवर बसणं जास्त अवघड आहे.

आपल्या महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदियाच्या आसपास, धानाच्या बांध्यांमध्ये उरलेत. संख्या अगदी मोजकी. विजेच्या तारांना धडकून मरतात, शेतात घरटं मोडतं. ज्या शेतकऱ्याने घरटं राखलं, त्याने त्या रात्रीच्या पहाऱ्यात आपला वाटा उचलला, असं मी म्हणेन.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!