चांचा कोणास म्हणावें?

१७२१ सालच्या डिसेंबरांत कुलाब्याच्या किल्ल्यासमोर इंग्रज व पोर्तुगीज यांचीं आरमारें एकत्र येऊन उभीं राहिलीं. इंग्रजांच्या बाजूस कमोडोर थॉमस मॅथ्यूज होता. मादागास्करच्या चांच्यांचा बंदोबस्त करावा म्हणून इंग्लंडच्या राजानें त्याला चार लढाऊ जहाजांसह धाडलें होतें. कुलाब्याचा धनी कान्होजी आंग्रे हाही दोघांच्या मतें चांचाच.

वास्तविक कान्होजी हा शाहू छत्रपतींचा सरखेल. त्याच्या दस्तकाशिवाय कोंकण किनाऱ्यानें जाणारें गलबत तो धरी. पोर्तुगीजही आपल्या परवान्याविना जाणारीं गलबतें धरीतच आले होते. एकाचा हक्क तो दुसऱ्याचा दरोडा कां ठरावा, याचें उत्तर तोफांखेरीज कोणापाशींच नव्हतें.

दोस्तांचा हेतु मात्र एक नव्हता. इंग्रजांचा तटावरील हल्ला परतवला गेला. बाजीराव पेशवा मदतीस धांवला. आणि जानेवारी १७२२ मध्यें पोर्तुगीजांनीं मराठ्यांशीं परस्पर तह करून मोहिमेंतून अंग काढून घेतलें. स्वदेशीं परतल्यावर १७२४ सालीं खुद्द मॅथ्यूजवरच आज्ञाभंग व खासगी व्यापार यांबद्दल खटला चालला.

पुढें चौतीस वर्षांनीं डाव उलटला. कान्होजीचा पुत्र तुळाजी पेशव्यांची सत्ता मानीना, म्हणून नानासाहेब पेशव्यांनींच इंग्रजांशीं करार केला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं अॅडमिरल वॉटसनच्या तोफांच्या माऱ्यांत विजयदुर्गच्या खाडींतील आंग्र्यांचें आरमार जळून गेलें. तुळाजी पेशव्यांच्या हातीं लागला. किल्ला मात्र इंग्रजांनीं बळकाविला, आणि ऑक्टोबरांत बाणकोट पदरांत पाडून घेतल्यावरच तो सोडण्याचें मान्य केलें. बंडखोर सरदार नमला, परंतु मराठ्यांचें सर्वांत प्रबळ आरमारही त्याबरोबर गेलें. विजयदुर्गावर असलेले वॉटसन व क्लाइव्ह पुढल्याच वर्षीं बंगालमध्यें विजयी झाले.

आज चांचेगिरीची व्याख्या तोफेनें होत नाहीं. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार खासगी जहाजावरून, खासगी हेतूनें, खुल्या समुद्रांत केलेली लूट ती चांचेगिरी. ही कसोटी लाविली तर छत्रपतींचा सरखेल तींत बसत नाहीं. सोमालियाच्या किनाऱ्यावरील उपद्रवासाठीं २००८ च्या जूनमध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनें इतर देशांच्या नौदळांस तेथील समुद्रांत शिरण्याची मुभा दिली, ती देखील तेथील सरकारच्या संमतीनें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत भारतीय नौदळानें एडनच्या आखातांत गस्त सुरू केली. १६ मार्च २०२४ रोजीं त्यानें ‘रुएन’ हें जहाज सोडवून सतरा खलाशांची सुटका केली व पस्तीस चांचे पकडले. त्यांना आणलें तें मुंबईसच. मात्र तेथें त्यांना पोलिसांच्या स्वाधीन करण्यांत आलें, आणि न्यायनिवाड्यासाठीं २०२२ चा स्वतंत्र कायदा तयार होता.

अनेक निशाणांचीं जहाजें एकत्र आणणें फारसें कठीण नाहीं. चांचा कोण हें सर्वांस मान्य अशा कायद्यानें ठरविणें, आणि मदत घेतांना स्वतःचें आरमार शाबूत ठेवणें, या दोन गोष्टी कठीण. कुलाब्यास पहिली नव्हती. विजयदुर्गास दुसरी राहिली नाहीं.